पाणीदार घोड्याला दमवू नका

तरुण, तापट घोडा हातात आला की तबेल्यातला प्रत्येक जण एकच सल्ला देतो: आधी पळवून दमवा, मग वर बसा. लांब दोरीवर अर्धा तास गोल गोल फिरवा, घाम निघू द्या, आपोआप वळणावर येईल. पहिल्या आठवड्यात तो येतोही. तिसऱ्या आठवड्यात अर्ध्या तासाचा पाऊण तास होतो आणि दोन महिन्यांनी तासभर पळूनही घोडा ताजातवानाच असतो, कारण तुम्ही रोज त्याचा दमसासच वाढवत होतात. त्या लहान वर्तुळांचा भार कोवळ्या सांध्यांवर पडला तो वेगळाच. घोडा शिकला काहीच नाही. तो थकत होता, आता थकेनासा झाला.

ड्रेसेजच्या घोड्याच्या बाबतीत हे आणखी महागात पडतं. या खेळात घोड्याचा जोर साठवायचा असतो. पियाफ म्हणजे जागच्या जागी केलेला ट्रॉट. पासाज म्हणजे उंच, रेंगाळत्या पावलांचा ट्रॉट. दोन्हींत घोडा मागच्या पायांवर वजन घेतो आणि आतला दाब धरून ठेवतो. मंद घोड्याकडून हे करून घेताना स्वाराचा जीव मेटाकुटीला येतो. पाणीदार घोड्यात तो दाब उपजत असतो. तो दहाव्या वर्षापर्यंत शाबूत ठेवायचा आणि तोवर कुणाचं हाड मोडू द्यायचं नाही, हे तुमचं काम.

ते होऊ शकतं याचे दाखले या खेळाच्या इतिहासात भरपूर आहेत. जर्मनीच्या निकोल उपहोफचा रेम्ब्रांट हा घोडा बुजरेपणासाठी प्रसिद्ध होता. त्याच घोड्यावर तिने 1988 च्या सोल आणि 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन्ही सुवर्णपदकं मिळवली. म्युन्स्टरचे वकील राइनर क्लिम्के यांचा आलेरिखही तरुणपणी सोपा नव्हता. 1984 मध्ये लॉस एंजेलिसला दोन सुवर्णपदकं जिंकल्यावर क्लिम्के यांनी विजयफेरीत, टाळ्यांच्या कडकडाटात, त्याला दर पावलाला पाय बदलणाऱ्या कँटरमध्ये फिरवलं. भरल्या स्टेडियममध्ये गरम डोक्याच्या घोड्याकडून ते करून घेणं म्हणजे किती वर्षांचा विश्वास, हे घोडेवाल्यांना सांगायला नको.

आपल्याकडे 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसेज संघाने सुवर्णपदक आणलं. घोडेस्वारीतलं 1982 नंतरचं ते पहिलंच सुवर्ण. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. पुढच्याच वर्षी अनुष अगरवाला पॅरिसला ऑलिंपिक ड्रेसेजमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. ही मंडळी युरोपात राहून, तिकडच्या वॉर्मब्लड घोड्यांवर तयार झाली. मुंबई-पुण्यातल्या सर्वसाधारण स्वाराच्या वाट्याला मात्र बहुधा रेसकोर्सवरून उतरलेला चार-पाच वर्षांचा थरोब्रेड येतो: शर्यतीत पुरेसा वेगवान न ठरलेला, परवडणारा, देखणा आणि तारेवर ताणल्यासारखा. पुढचं सगळं मुख्यतः त्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. वॉर्मब्लड असला तरी फार फरक पडत नाही.

सुरुवात खोगिरावरून करू नका, पशुवैद्यापासून करा. मला विचाराल तर 'स्वभावाने वाईट' ठरवलेल्या घोड्यांपैकी बरेचसे दुखत असलेले घोडे असतात. सगळ्यात आधी जठरातले व्रण. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असतं, खाणं पोटात असो वा नसो. शर्यतीच्या घोड्यांत व्रणांचं प्रमाण फार मोठं असतं, कारण कडबा-गवत कमी, चंदी जास्त, काम जोराचं आणि दिवस बंद खोलीत. खोगिराचा पट्टा आवळताना चावायला धावणारा, टाच लागताच शेपूट फटकारणारा, चंदी अर्धवट टाकणारा घोडा दिसला की दुर्बिणीने जठर तपासून घ्या. व्रण असतील तर औषधाने ते बरे होतात आणि कधी कधी महिनाभरात वेगळाच घोडा समोर उभा राहतो.

मग दात. साधारण अडीच ते पाच वर्षांच्या काळात घोड्याचे दुधाचे दात पडून पक्के येत असतात. पुढचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या आसपास बदलतात. दाढांवर जुन्या दातांची टोपणं अडकून राहतात. काहींना बिट जिथे टेकतो तिथेच छोटा लांडगादात असतो. म्हणजे आपण ज्या वयात त्याला लगामाचा हलका संपर्क शिकवायला बसतो, त्याच वयात त्याचं तोंड सर्वांत जास्त दुखतं. डोकं झटकणं, जीभ बाहेर काढणं, एका बाजूला वळायला साफ नकार, या तक्रारी प्रशिक्षकाकडे नेण्याआधी दातांच्या डॉक्टरकडे न्या. पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत सहा महिन्यांनी एकदा तपासणी हवीच.

खोगीर दर तीन-चार महिन्यांनी बघा. तरुण घोड्याची पाठ कामामुळे भरत जाते आणि जानेवारीत बसलेलं खोगीर मे महिन्यात खांद्यांना चिमटे काढतं. घोडी असेल तर कॅलेंडरवर तिच्या माजाचे दिवस टिपून ठेवा. साधारण 21 दिवसांचं चक्र असतं, आणि काही घोड्या त्या चार-सहा दिवसांत पोटऱ्यांचा दाब सहन करत नाहीत. त्या दिवशी वाद घालू नका, सोपं काम द्या. खच्ची न केलेल्या नराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्याकडे अनुभवी माणसं आणि स्वतंत्र वाडा नसेल तर त्याला खच्ची करून घ्या. एकाच बोळातून घोड्या जाणाऱ्या तबेल्यात त्याच्याकडून एकाग्रतेची अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे.

आता चंदी. रेसकोर्सवर घोड्याला भरपूर ओट, जव, हरभरा मिळतो, कारण तिथे त्याला भरधाव पळायचं असतं. ड्रेसेजच्या पहिल्या वर्षात दिवसाला चाळीस मिनिटं वॉक-ट्रॉट करणाऱ्या घोड्याला तेवढ्या पिठूळ धान्याची काही गरज नसते. साडेचारशे किलोच्या घोड्याला सात ते नऊ किलो कोरडी वैरण, दिवसभरात विभागून, हा पाया. वैरण संपून तोंड रिकामं राहण्याचे तास जितके कमी, तितका घोडा शांत. वजन टिकवायला ऊर्जा कमी पडली तर धान्याऐवजी थोडं तेल वाढवा. कामाआधी वीसेक मिनिटं मूठ-दोन मूठ लसूणघास द्या: त्यातलं कॅल्शियम आम्लाचा मारा सौम्य करतो आणि पोट रिकामं नसल्याने उसळणारं आम्ल जठराच्या वरच्या भागात लागत नाही. चंदीतले बदल मात्र आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. एकदम केलेल्या बदलाने पोटशूळ होतो. 'डोकं शांत करणाऱ्या' पुड्या बाजारात पुष्कळ मिळतात. त्यांच्यापेक्षा वैरणीवर खर्च केलेला बरा, आणि गुंगीची औषधं स्पर्धेत प्रतिबंधित आहेत हे लक्षात असू द्या.

वैरणीइतकंच महत्त्व मोकळ्या वेळेला. तेवीस तास चौकोनी खोलीत उभा राहिलेला प्राणी चोविसाव्या तासाला स्फोटक नसेल तरच नवल. जर्मनीत घोडा रोज कुरणात सोडतात. मुंबईत कुरण आणणार कुठून? एखादा छोटा वाळूचा वाडा असेल तर पहाटे अर्धा-एक तास सोडा, शेजारी दुसरा घोडा दिसेल असा. तेही नसेल तर साईसला सांगून दिवसातून दोनदा हातात धरून फिरवा. रिकामं रिंगण मिळेल त्या वेळी लगाम न लावता सोडून द्या आणि लोळू द्या. पावसाळ्यात हे सगळं कोलमडतं, म्हणून जून ते सप्टेंबर नवं काही शिकवण्याचा हट्ट धरू नये, आहे ते पक्कं करावं.

एवढं झाल्यावर वर बसा. रेसकोर्सवरच्या घोड्याला काय शिकवलेलं असतं हे आधी समजून घ्या, नाहीतर तुमचे साधे इशारे त्याला उलटेच कळतील. जॉकी रिकिबी आखूड ठेवून पाठीच्या वर तरंगतो. त्याची पोटरी घोड्याच्या कुशीला लागतच नाही. लगाम तो घट्ट धरतो आणि घोडा त्या लगामावर भार टाकून पळतो. म्हणजे या घोड्याच्या लेखी लगाम ताणला याचा अर्थ 'टेक आणि धाव', आणि पोटाला लागलेला पाय ही कुठली तरी भयंकर नवी गोष्ट. तुम्ही घाबरून लगाम खेचलात की तो वेग वाढवतो, तुम्ही आणखी खेचता, तो आणखी. उतू जाणाऱ्या दुधावर झाकण दाबून धरावं तसा हा प्रकार, आणि शेवट तसाच होतो.

इथे स्वाराचं सहजज्ञान त्याला फसवतं. घोडा तापट आहे म्हणून तो पाय बाजूला काढून बसतो, कुशीला स्पर्शच होऊ देत नाही. मग कुठल्या तरी वळणावर तोल सावरताना पोटरी चुकून लागते आणि घोडा विजेचा धक्का बसल्यासारखा उडतो. हे उलटं करायला हवं: आळशी घोड्यावर पाय सुटा, तापट घोड्यावर पाय टेकलेला. दाबलेला नाही, कुशीवर ओलं फडकं ठेवावं इतक्या वजनाचा, सततचा. तो स्पर्श रोजचा झाला की त्याची भीती जाते. त्यानंतरच पाय काही सांगू शकतो.

आणि पायाने पहिल्यांदा 'पुढे' सांगू नका, 'बाजूला' सांगा. हा या घोड्यांच्या प्रशिक्षणातला गाभा आहे असं मी मानतो, म्हणून इथे थोडं थांबतो. जमिनीवरून सुरुवात करा. घोड्याच्या डाव्या बाजूला उभे राहा, त्याचं तोंड किंचित आपल्याकडे वळवा आणि खोगिराच्या पट्ट्यामागे, जिथे उद्या तुमची पोटरी येणार आहे तिथे, चाबकाची मूठ किंवा बोटं टेकवा. दाब अगदी थोडा. मागचा डावा पाय उजव्यासमोरून ओलांडून पडला त्याच क्षणी दाब सोडा. त्याच क्षणी. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. सेकंदभर उशीर झाला तर त्याने दुसरंच काहीतरी शिकलेलं असतं. दोन-तीन पावलं, मान खाजवणं, बस. दुसरी बाजू. काही दिवसांनी हेच खोगिरावरून, वॉकमध्ये: मधल्या रेषेवरून भिंतीकडे तिरकं सरकणं, म्हणजे लेग-यील्ड. पाय ओलांडताना घोड्याला कमरेत सैल व्हावंच लागतं, आणि आडवं पाऊल टाकत असताना भरधाव सुटता येत नाही. बाजूला जायला सांगणारा पाय त्याला हळूहळू मदतीचा वाटू लागतो. पायाचा 'पुढे' हा अर्थ नंतर, स्वतंत्रपणे, आवाजाच्या जोडीने शिकवा.

रोजच्या सत्राला चाळीस मिनिटं पुरेत, उन्हाळ्यात पहाटे सहाच्या आत. दोरीवरचं काम हवं असेल तर दहा मिनिटं, मोठ्या वर्तुळात, दोन्ही बाजूंनी सारखं. हेतू घाम काढण्याचा नाही, त्याची आज कोणती बाजू ताठ आहे आणि कानांची दिशा काय सांगते ते बघण्याचा आहे. मग दहा मिनिटं लांब लगामावर वॉक. ज्या घोड्याला पहिल्या मिनिटात वॉक करवत नाही, सारखा जॉग करतो, त्याला सरळ भिंतीने नेऊ नका: मोठी वर्तुळं, आठचा आकडा, नागमोडी. वळण त्याला आपोआप संथ करतं, तुम्हाला लगाम ओढावा लागत नाही.

ट्रॉटमध्ये उठबस करताना लय तुमची ठेवा, त्याची नव्हे. घोड्यापेक्षा किंचित सावकाश उठा, किंचित सावकाश बसा. पंधरा-वीस पावलांत बहुतेक घोडे त्या लयीत येतात, आणि लगामाला हात लावावा लागलेला नसतो. वीस मीटरच्या वर्तुळावर ट्रॉट-वॉक-ट्रॉट असे बदल भरपूर करा, पण ठरावीक जागी नको. तापट घोडा हुशार असतो, तिसऱ्यांदा रिंगणाच्या कडेवरच्या त्याच अक्षरापाशी तुम्ही सांगण्याआधी तो बदल करून मोकळा होतो आणि मग त्याला अडवल्यावर चिडतो. कँटरची घाई नको. ट्रॉटमध्ये नाकातून दीर्घ फुरफुर ऐकू येऊ लागली आणि मान खाली-पुढे लांबवून तो चालू लागला की कँटर मागा. एक फेरी, परत ट्रॉट. कँटरनंतर डोकं पुन्हा तापलं तर तो उद्याच्या कामाचा इशारा समजा.

मानेबद्दल एक सावधगिरी. तापट घोड्याला लगामाचा त्रास वाटला की तो हनुवटी छातीकडे गुंडाळून घेतो आणि बिटपासून पळतो. बाहेरून बघणाऱ्याला ते फार देखणं दिसतं: हातात वजन नाही, मान कमानदार. प्रत्यक्षात त्याने तुमच्याशी बोलणं बंद केलेलं असतं आणि पाठ खाली पाडलेली असते. अशी मान जोरजबरदस्तीने वळवून ठेवण्याच्या पद्धतीला आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 2010 मध्ये अमान्य ठरवलं. घोडा स्वतःहून गुंडाळत असेल तर हात पुढे द्या, पाय ठेवा, नाक बाहेर येऊ द्या. आणि नाकपट्टा दोन बोटं सहज जातील इतका सैल असू द्या. तोंड बांधून मिळवलेली शांतता परीक्षकांना फसवू शकेल, घोड्याचा जबडा फसत नाही.

जर्मन पद्धतीत घोड्याच्या प्रशिक्षणाच्या सहा पायऱ्या मानतात: ताल, शरीराचा सैलपणा, लगामाशी संपर्क, उसळ, सरळपणा आणि शेवटी एकवट. तापट आणि गुणी घोड्याचा मालक इथे हमखास गोंधळतो, कारण त्याला वाटतं चौथी पायरी त्याच्या घोड्याने जन्मतःच गाठली आहे. पुढचे पाय हवेत फेकत तो ट्रॉट करतो, बघणारे थक्क होतात. पण जरा बाजूने निरखा. पुढचा पाय जितका लांब जातो तितकाच कर्णरेषेतला मागचा जातो का? शेपूट सैल झुलते की एका बाजूला खुंटीसारखी ताठ आहे? बरेचदा ती चमक निव्वळ ताणाची असते. घोडा सैल होऊ लागला की ट्रॉट आधी लहान, साधा, जवळजवळ कंटाळवाणा होतो. या टप्प्यावर मालकाचा धीर सुटतो, 'घोड्यातली मजाच गेली' म्हणून तो प्रशिक्षक बदलतो. सहा-आठ महिने कळ काढा. पाठ काम करू लागली की उसळ परत येते, आणि ती टिकाऊ असते.

वॉकला तर जीवापाड जपा. ट्रॉट आणि कँटर कामाने सुधारतात. वॉक बिघडवणंच सोपं असतं. चार स्पष्ट ठोक्यांची ती चाल ताणाखाली दोन-दोनच्या जोड्यांत कोसळते, एका बाजूचे दोन्ही पाय उंटासारखे जवळजवळ एकदम पडू लागतात, आणि ही खोड जाता जात नाही. म्हणून तरुण घोड्याला आखडलेल्या लगामावर आवळून वॉक करायला लावूच नका.

इतकं करूनही एखाद्या दिवशी तो उडणारच. बुजला तर ज्याला बुजला त्या वस्तूकडे तोंड धरून त्याला रेटत नेऊ नका. तोंड किंचित आत, वस्तूपासून दूर वळवा, आतल्या पायाने खांदा जरा आत ठेवा आणि पाच मीटर आतून त्याच लयीत निघून जा. पुढच्या फेरीला चार मीटर. चर्चा नको. उधळला तर दोन्ही लगाम एकदम ओढून भिंत उभी करू नका; एका लगामाने वर्तुळात घ्या, ते लहान करत न्या, दुसरा हात मानेवर टेकवा. मागचे पाय झाडत असेल तर डोकं वर आणि पुढे चाल. मागच्या पायांवर उभा राहत असेल तर प्रकरण वेगळं आहे. त्या क्षणी हात पुढे द्या, मानेला बिलगा, लगामाला लोंबकळू नका, कारण तोल मागे गेला तर घोडा तुमच्या अंगावर पडतो. आणि दुसऱ्यांदा तसं घडलं की खाली उतरून पुन्हा डॉक्टर, दात, खोगीर, आणि मग अनुभवी व्यावसायिक स्वार, या क्रमाने जा. मोठेपणा मिरवण्याची ती जागा नव्हे. हेल्मेट आणि पाठीचं संरक्षक जाकीट रोज, अगदी 'आज नुसता वॉक' असला तरी.

शिक्षा? पायाने मागितलं आणि उत्तर आलं नाही तर चाबकाचा एक स्पष्ट स्पर्श ठीक आहे. रागाचा फटका कधीच नाही. झेनोफोनने इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात अश्वारोहणावर लिहिलं तेव्हाच रागाने घोड्याजवळ जाऊ नका असं बजावून ठेवलं आहे. दोन हजारांवर वर्षं झाली, स्वारांना अजून पटलेलं नाही. घाबरलेल्या घोड्याला मारलं की त्याची खात्रीच पटते, घाबरण्यासारखं काहीतरी होतंच.

स्वाराचं अंग घोड्याला किती वाचता येतं याची एक नोंद स्वीडनमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केली. माणसांना घोडा घेऊन एकाच वाटेने अनेकदा जायला सांगितलं. शेवटच्या खेपेआधी त्यांना म्हटलं, या वेळी घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही. त्यामुळे 'त्या कोपऱ्यात तो बुजतो' हे मनात घोकत तुम्ही कोपऱ्याकडे निघालात, तर बुजण्याचं अर्धं काम तुम्हीच केलेलं असतं. तिथे पोहोचताना मुद्दाम श्वास सोडा, मोठ्याने मोजा, साईसशी बोला. बोलणारा माणूस श्वास रोखू शकत नाही. थोपटण्यापेक्षा मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथे खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवल्याने त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात हे मोजून पाहिलेलं आहे. मांड पक्की नसेल तर तापट घोडा घेऊ नका हे इथेच सांगतो. ज्याला तोल सावरायला लगाम लागतो त्याने आधी शिकवलेल्या घोड्यावर, रिकिबीशिवाय, दोरीवर धडे घ्यावेत.

रिंगणातलं काम आठवड्यातून चार दिवसांवर नेऊ नका. राइनर क्लिम्के ड्रेसेजचे म्हणून ओळखले जातात, पण 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते क्रॉसकंट्री असलेल्या इव्हेंटिंगमध्ये उतरले होते, आणि ड्रेसेजचा घोडाही रानात, चढउतारावर, जमिनीवरच्या दांड्यांवरून तयार व्हावा असं त्यांचं आग्रही मत होतं. कॅव्हालेटीवर, म्हणजे अशा दांड्यांवरच्या कामावर, त्यांचं अख्खं पुस्तक आहे. वॉकसाठी दांड्या साधारण 80 सेंटिमीटर अंतरावर, ट्रॉटसाठी 1.30 मीटर, आधी सपाट जमिनीवर. तापट घोडा दांड्यांकडे धावत सुटत असेल तर एकच दांडी ठेवा आणि वॉकमध्ये ओलांडा, तिचा कंटाळा येईपर्यंत. बाहेरच्या फेरीला सोबत म्हातारा, शहाणा घोडा न्या. त्याच्याइतका चांगला शिक्षक तुम्हाला पैसे देऊन मिळणार नाही.

सगळ्यात मोठा मोह हुशारीचा. असा घोडा पाचव्या वर्षी अस्वस्थ होऊन जागीच ट्रॉट करू लागतो आणि कुणीतरी ओरडतं, 'अरे, पियाफ देतोय!' तो पियाफ देत नाहीये, निघून जायची वाट मागतोय. त्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत पूर्ण होत नाही. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये लिपिझानर घोड्यांच्या कामाला चौथ्या वर्षाच्या आसपास सुरुवात होते, आणि पहिला टप्पा म्हणजे फक्त दोरी, सरळ रेषा आणि पुढे चालणं. आंतरराष्ट्रीय ग्रां प्रीमध्ये, म्हणजे ड्रेसेजच्या सर्वोच्च पातळीवर, आठ वर्षांखालचा घोडा घेतच नाहीत. तेव्हा पाच वर्षांच्या घोड्याने अवघड काही स्वतःहून देऊ केलं तर 'शाबास' म्हणा, मान मोकळी करा आणि पुढे चला. त्याने दिलं म्हणून लगेच घेत सुटलात तर सातव्या वर्षी तो देणं बंद करेल.

स्पर्धेला पहिल्यांदा न्याल तेव्हा नाव नोंदवूच नका. फक्त न्या, लाउडस्पीकर, झेंडे आणि अनोळखी घोड्यांमध्ये हातात धरून फिरवा, वैरण खाऊ द्या, घरी आणा. पुढच्या वेळी सरावाच्या रिंगणात वीस मिनिटं वॉक-ट्रॉट. तिसऱ्या वेळी सर्वांत सोपी चाचणी, घरी जे डोळे मिटून जमतं त्याच्या एक पायरी खालची. सलामीच्या थांब्याची तयारी मात्र घरी रोज करा: थांबायचं, लगाम सैल सोडायचे, पाच श्वास मोजायचे. नेदरलँड्सच्या आंकी व्हान ग्रुन्सव्हेनच्या सलिनेरो या घोड्याने 2004 आणि 2008 च्या ऑलिंपिकची वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली, तरी सलामीला स्थिर उभं राहणं त्याला अनेकदा जमत नसे. तुमच्या घोड्याकडे ते गुण उधळण्याइतकी शिल्लक बहुधा नसेल.

गुणपत्रिका हातात आली की आधी एकूण टक्केवारी बघू नका, मोकळ्या वॉकचा रकाना बघा. बहुतेक चाचण्यांत त्याचे गुण दुप्पट धरतात, पण कारण ते नाही: घरी सातचा वॉक करणाऱ्या घोड्याला तिथे चार मिळाले असतील, तर ट्रॉटला कितीही आठ पडोत, तो पूर्ण वेळ श्वास रोखून होता. मग पुढची स्पर्धा रद्द करा आणि त्या महिन्यात त्याला दर आठवड्याला एकदा कुठल्याही परक्या जागी, स्पर्धेविना, चरायला घेऊन जा.